रस्त्याकडं तोंड केलेलं दार

मला शिट्टी वाजवायला फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवाछपवी नको. पी.टी.च्या तासाची साधी शिट्टी, गळ्यात लाल दोरी. वाजवली की दीडशे पोरं जागच्या जागी थांबायची. तेवढा अंमल माणसाला पुरायला हवा होता. मला पुरला नाही.

पडेगाव मागं टाकलं की दौलताबादच्या रस्त्यावर एक फाटा आत जातो, त्या फाट्यावरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. राहायला शहरात, क्रांती चौकाच्या अलीकडं. आता संभाजीनगर म्हणतात, माझ्या तोंडात अजून औरंगाबादच येतं. बोलायला मी पहिल्यापासून फटकळ. घरचे म्हणायचे, हिला शाळेत नाही, पोलिसात घालायला पाहिजे होती. मीही हसायचे. आता आठवलं की हसू येत नाही.

त्या वर्षी वरून हुकूम आला, की गाव हागणदारीमुक्त करायचं. घरोघर संडास, उघड्यावर जाणं बंद, आणि जे जातील त्यांना पकडायला पहाटेचं एक पथक. त्याला नाव होतं 'गुड मॉर्निंग पथक'. ज्यानं कुणी ते नाव काढलं, त्याला एकदा त्या वेळेला कुणी गुड मॉर्निंग म्हणायला हवं होतं. पथकात सरपंच, ग्रामसेवक, गावातली दोन-तीन तरुण पोरं, आणि बायकांना पकडायला बाई माणूस हवं म्हणून मी. बाकीच्या शाळांतल्या बायांनी कारणं काढली, कुणाचं पोर लहान, कुणाची कंबर धरलेली. मी मात्र हात वर केला.

उगाच केला नाही. मी अशाच एका गावातली. आमचं घर चांगलं तालेवार, जमीनजुमला, दारात बैल, पण घरातल्या पोरींनी जायचं ते पहाटे अंधारात, नाहीतर मग दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात काय करायचं ते पोटानं ठरवायचं. आई म्हणायची, पाणी कमी पी. परीक्षेच्या दिवशी मी ओठ ओला होण्यापुरतं पाणी प्यायचे. तेव्हा संडास म्हणजे मला बायकांची सुटका वाटायची. अजूनही वाटते. त्या कामाबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही. जे म्हणायचं आहे ते माझ्याबद्दल.

नवरा कुरकुरत का होईना, पहाटे स्कूटरवर गावात सोडायचा. "काय बाई तरी, दुसऱ्याच्या मागं लागायचं तेही असल्या वेळेला," असं पडेगाव येईपर्यंत त्याचं चालायचं. मी म्हणायचे, "गाडी चालवा." मग ओढ्याच्या कडेनं, बाभळींच्या मागं, बांधाच्या आडोशाला आमची गस्त. अंधुक उजेडात कुणी बसलेलं दिसलं की मी शिट्टी फुंकायचे. माणूस धडपडत उठायचा, हातातलं टमरेल सांडायचं, पोरं खिदळायची. एक म्हातारा तर बसल्या जागेवरून ओरडला, "बाई, पाच मिन्टं दम काढा की, मंग वाजवा!" आम्ही हसून हसून बेजार.

दुसरा एक होता, सरपंचांचा चुलता. धोतर सावरत उठला आणि आमच्यावरच आला. "ही जमीन कुणाची हाय? सात-बारा माज्या नावावर हाय. माज्या रानात मी बसलो. सरकारच्या बापाच्या रानात बसलो का?" सरपंच खाली बघायला लागले. ग्रामसेवकानं त्याला गुलाबाचं फूल दिलं आणि "काका, पुढच्या टायमाला जरा..." असं म्हणून जाऊ दिलं. त्याचं नाव वहीत लिहिलं नाही. मीही लिही म्हटलं नाही. त्याचं बोलणं मला उर्मट वाटलं होतं, पण त्याला बोलता आलं, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. त्याच्याकडं सात-बारा होता.

आता तिच्याबद्दल.

ती आमच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तिशीच्या आतबाहेरची, काटक, हाताला चटपटीत. मेंढरंवाल्यांच्या घरातली. गावाच्या टोकाला रस्त्यालगत त्यांची चार घरांची वस्ती होती. दिवाळी झाली की तिचा नवरा आणि दीर मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला उतरायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. बायका-पोरंही मागं घोड्यावर बिऱ्हाड बांधून. ही मात्र घरी राहायची. म्हाताऱ्या सासऱ्याला सांभाळायचं हे एक कारण, पण खरं कारण तिनं मला चुलीपुढं बसून सांगितलं होतं. "बाई, हे शाळंचं काम हाय म्हणून मी हिथं हाय. काम नसतं तर मालकानं कवाच मेंढरामागं नेलं असतं. मी हिथं हाय म्हणून पोरगी शाळंत हाय." पोरगी तिसरीत. अक्षर असं, की मी इतर पोरांना तिची वही दाखवायचे. म्हणजे ती खिचडी शिजवते तोवर पोरगी शिकते, इतका साधा हिशेब होता आणि तो मला चांगला माहीत होता.

ती माझ्याशी फार बोलायची नाही. "व्हय बाई", "नाय बाई", "झालं बाई". पण मी दुपारी डबा उघडला की हळूच पानाच्या कडेला लसणाचा ठेचा ठेवून जायची. मी मागितला नव्हता कधी. एकदा "लई झणझणीत करतेस गं" म्हटलं होतं, तेवढंच.

गावातल्या संडासांचा सर्व्हे मीच केला होता. घरोघर फिरून, कुठं खड्डा, कुठं दार, ते लिहून. ग्रामसेवकानं बजावलं होतं, "बाई, फोटोत तीन गोष्टी आल्या पायजेत. दार, मालक आन् रस्ता. नायतर वर पास व्हत नाय." म्हणून मी जिथं गेले तिथं एकच सांगितलं, दार रस्त्याकडं घ्या. तिच्या घरीही तेच. घरापुढं लिंबाचं झाड, त्याखाली सासऱ्याची बाज. म्हातारा दिवसभर तिथंच बसून रस्त्यानं येणारी-जाणारी माणसं मोजायचा. त्या बाजेपासून दहा-बारा पावलांवर संडासाची जागा ठरली, दार रस्त्याकडं आणि म्हणून बाजेकडंही. ती पदर ओढून दारात उभी होती. मी फॉर्म पुढं केला, म्हाताऱ्यानं अंगठा उठवला, मी पुढच्या घरी गेले. तिला मी काही विचारलं नाही. संडास कुणासाठी होता? तिच्यासाठीच की! पण फॉर्मवर घरप्रमुखाचा अंगठा लागत होता, तिचा नाही.

दोन महिन्यांनी बघते तर संडासात कोकरं. मेंढरं गंगथडीला गेलेली, अंगात ताकद नसलेली तीन कोकरं मागं ठेवलेली, ती त्या नव्या कोऱ्या सिमेंटच्या खोलीत चिपाडावर मजेत बसलेली. मी भडकले. "अगं, सरकारनं तुमच्यासाठी बांधलंय का कोकरांसाठी? अकला आहेत का तुम्हाला?" म्हातारा बाजेवरून म्हणाला, "थंडी लई हाय बाई. तेवढीच पक्की खोली हाय." ती मागं उभी होती, पदरात तोंड. मी कोकरं बाहेर काढायला लावली आणि वहीत त्या घरापुढं फुली मारली.

एवढ्यावर मी थांबले असते तरी निभावलं असतं.

हळदी-कुंकवाची कल्पना माझी. हे मी कुणावर ढकलू शकत नाही. सरपंच म्हणाले, शिट्टीला आता कुणी भीत नाही, दुसरं काहीतरी काढा. पुरुषांसाठी त्यांनी झेंडूचा हार काढला होता. मी म्हटलं, बायकांना हळदी-कुंकू लावू, ओवाळू. चारचौघीत मान द्यायचा तोच प्रकार, पण टमरेल हातात असताना. सगळे खूश. ग्रामसेवक म्हणाला, "बाईचं डोकं म्हंजे डोकं!" मीही फुगले. सवाष्णीला कुंकू लावतात तो तिचा मान, माझ्या आईनं दारी आलेल्या कुठल्याही बाईला, मग ती कुठल्या का जातीची असेना, कुंकू लावल्याशिवाय कधी परत पाठवलं नाही. त्याच बोटांची मी लेक.

पहिल्याच पहाटे ती सापडली. ओढ्याच्या पलीकडं, बाभळीखाली. मी शिट्टी वाजवली. ती उठली, मला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं. बाई आहेत, पुरुष नाही, असं वाटलं असणार तिला. मी ताट घेऊन पुढं गेले. हळद लावली, कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. मागं पोरं शाळेची घंटा वाजवत होती, तीही मीच आणायला सांगितली होती. तेव्हा मोबाइलात कॅमेरे नुकतेच आलेले, एकानं फोटो काढला. ती हलली नाही. पळाली नाही, रडली नाही. कुंकू लावताना सवयीनं तिची मान जरा खाली झाली, कुणीही लावलं की होते तशी. ती खाली झालेली मान मला अजून दिसते. तोंडात मारल्यासारखं होतं मला.

फोटो पंचायतीच्या फळ्यावर लागला. त्याच दिवशी अकरा वाजता ती शाळेत आली, चूल पेटवली, खिचडी केली. मी डबा उघडला, ठेचा नव्हता. मला त्याचा राग आला. बघा माझा उलटेपणा! मी मनात म्हटलं, एवढं काय लागतंय हिला, सुधारणा तिच्याच भल्यासाठी आहे.

रविवारी मी माहेरी गेले होते, तिथं हा प्रकार वडिलांना रंगवून सांगितला. वडील तेव्हा बाजेला खिळलेले. निजामाचा अंमल त्यांनी पोरवयात पाहिलेला. अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, गावात आला की लोक आपापल्या दारात उभे राहायचे, तो आत शिरला तरी विचारायची सोय नव्हती, असं ते सांगायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. "त्यानंतर एक झालं," ते म्हणायचे, "दारात आलेल्याला 'काय काम हाय?' म्हणून विचारता याया लागलं." हळदी-कुंकवाचं ऐकून भावजया हसल्या. वडील हसले नाहीत. म्हणाले, "त्या बाईनं तुला इचारलं का, काय काम हाय म्हणून?" मी म्हटलं, "ती काय विचारणार हो बाबा! मेंढरंवाली ती." ते भिंतीकडं तोंड करून झोपले. मला वाटलं दमले असतील.

मग सरपंचांनी ग्रामसभेत नियम केला. जो दोनदा सापडेल त्याला गावच्या कुठल्याही कामावर ठेवायचं नाही. शाळेची खिचडी त्यात आलीच, पोरांच्या अन्नाचा प्रश्न. नियम वाचून दाखवला मी, कारण माझा आवाज खणखणीत. ती बायकांत शेवटी बसली होती. सभेत कुणी विरोध केला नाही. गावाचं भलं म्हटल्यावर विरोध कोण करणार? आणि एकदा का सगळं गाव एका बाजूला बसलं, की दुसऱ्या बाजूला उरते ती एकटी बाई.

पुढं तपासणीचा दिवस ठरला. बाहेरून समिती येणार, पास झालो तर पुरस्कार. आठ दिवस गाव धुतलं. शाळेचा संडास मी स्वतः उभी राहून फिनेलनं घासून घेतला, दाराला निळा रंग, वर सुविचार. समिती येईपर्यंत कुलूप उघडायचं नाही, पोरांना नाही, शिक्षकांनाही नाही, हा हुकूम माझा. किल्ली ग्रामसेवकाकडं दिली. तो समितीला आणायला फाट्यावर जाऊन थांबला.

आदल्या संध्याकाळी सरपंचांच्या घरी समितीच्या जेवणाची तयारी होती. त्यातला कसलातरी रस्सा मी चाखला होता. सकाळी नऊच्या सुमाराला शाळेत माझ्या पोटात अशी कळ आली, की डोळ्यांपुढं काजवे. आधी वाटलं जाईल. गेली नाही. संडासापाशी गेले, कुलूप ओढलं, दोनदा ओढलं. जवळचं घर गल्ली ओलांडून, आणि तिथवर पोचणार नाही हे मला कळत होतं. अंगाला घाम. शाळेमागं ओढा. मी गेले. काय करणार? शिकलेली बाई, इस्त्रीची साडी, गळ्यात शिट्टी, आणि भर उजेडात बाभळीमागं बसले.

आणि पलीकडून शिट्टी वाजली. पथकातली दोन पोरं, तपासणीचा दिवस म्हणून दिवसाउजेडीही गस्त घालत होती. मीच सांगितलं होतं, आज जास्त लक्ष ठेवा. "कोण हाय रे तिकडं?" आवाज जवळ येत होता. मला उठता येत नव्हतं. मी जिवाच्या आकांतानं देवाचं नाव घेतलं, कुठला देव तेही आठवत नाही.

बांधावरून ती येत होती, डोक्यावर शाळेच्या चुलीसाठी सरपणाची मोळी. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या आवाजाच्या दिशेला. मोळी धाडकन खाली टाकली. माझ्या पुढं येऊन पाठ करून उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी आडवा धरला आणि ओरडली, "मी हाय! बायामाणसाच्या अंगावर येता का रं? फिरा माघारी!"

पोरं बांधावर थबकली. एक म्हणाला, "पुन्यांदा तूच का? आता बघ तुझं." दुसऱ्यानं वहीत लिहिलं असणार. पावलं लांब गेली. ती तशीच पाठ करून उभी. मी आवरलं. तिनं मागं न बघता विचारलं, "झालं का बाई?" मी म्हटलं, "हो." मग तिनं कमरेला बांधलेली पाण्याची बाटली मागं हात करून दिली, मोळी उचलली आणि शाळेकडं गेली. तिच्या मागं मी पाच मिनिटांनी गेले, बरोबर दिसायला नको म्हणून. हेही सांगून टाकते.

समिती आली, बघून गेली, जेवून गेली. गाव पास झालं. ढोल वाजले.

चौथ्या दिवशी पंचायतीत बैठक. पुरस्काराची बोलणी झाली आणि शेवटी सरपंचांनी वही काढली. तिला बोलावलं होतं. ती दाराशी उभी राहिली. सरपंच म्हणाले, "दुसऱ्यांदा सापडलीस ना गं? तेबी तपासणीच्या दिवशी. गाव तोंडघशी पडलं असतं." तिनं माझ्याकडं बघितलं. एकदाच, फार वेळ नाही. मी समोरच्या टेबलावर चहाचा डाग होता त्याच्याकडं बघत होते.

"सापडली का न्हाई?"

"व्हय," ती म्हणाली.

ग्रामसेवकानं कागद माझ्यापुढं सरकवला. मुख्याध्यापिकेची सही लागत होती. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'ती नव्हती, मी होते.' चार-पाच शब्द. शाळेत दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी, मला ते शब्द बाहेर काढता आले नाहीत. सगळं गाव हसेल, पोरं चिडवतील, वरच्या ऑफिसात कळेल, नवऱ्याला कळेल, हे सगळं दोन श्वासांत डोक्यातून गेलं. तिचं काय जाणार आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी सही केली. स्पष्ट, वळणदार, तारखेसकट.

दिवाळीनंतर ती मेंढरांमागं गेली. पोरगीही. दाखला न्यायला कुणी आलं नाही. काही महिने मी पटावर पोरीच्या नावापुढं गैरहजर लिहीत राहिले, मग वर्ष संपताना नाव कमी केलं. तेही माझ्याच अक्षरात.

पुरस्काराला मी स्टेजवर होते. फोटो आहे. बरीच वर्षं तो बाहेरच्या खोलीत होता. पाहुणे विचारायचे, मी सांगायचे. हळदी-कुंकवाचा भाग मी गमतीनं सांगायचे आणि लोक हसायचेही. ओढ्याकाठचा भाग मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. नवऱ्यालाही नाही, तो गेला तरी नाही.

निवृत्त झाल्यावर, मला साखरेचा आजार लागला, गुडघे गेले, तेव्हा एकदा दौलताबादकडून परत येताना फाटा दिसला आणि मी रिक्षावाल्याला म्हटलं, आत घे. का ते मला सांगता येणार नाही. लाज होती, ती इतकी वर्षं कुठं गेली नव्हती.

वस्ती तिथंच. लिंब तसाच. सासरा नव्हता, बाज रिकामी. ती दारात तूर पाखडत बसली होती, केस पांढरे झालेले. ओळखलं तिनं लगेच. "बाई? या की. लई वाळल्या तुमी." सूप बाजूला ठेवलं, चहा टाकायला उठली. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं चुलीपाशीच वाकून विचारलं, "पोट बरं ऱ्हातं का आता?"

मी रडायलाच लागले. ती घाबरली. मग मी जे काही आलं ते बोलले, सही, कागद, पोरगी, सगळं. माफ कर म्हटलं. ती चहा गाळत होती. गाळणं झटकून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मला वाटलं, तुमी बोलाल."

तक्रार नव्हती आवाजात. कुणाची वाट बघितली आणि तो आला नाही, हे सांगावं तसं सांगितलं. मी विचारलं, "आणि तू? तू का नाही बोललीस?"

"माजं कोण ऐकणार व्हतं?" ती म्हणाली. "आन् तुमाला लाज वाटंल म्हणून नाय बोलली."

पोरगी गंगापूरकडं दिली होती. तिला दोन पोरं, दोन्ही शाळेत. "पोरगी नाव लिहिती आपलं," ती म्हणाली. तिसरीतली ती वही मला आठवली, मी मान खाली घातली.

उठायला लागले तेव्हा माझी चुळबुळ तिच्या लक्षात आली. साखरवाल्या बाईला दर तासाला जावं लागतं. म्हणाली, "जाऊन येता का? पानी भरलेलं हाय." मी रस्त्याकडं बघितलं. संडास तिथंच होता, पण रस्त्याकडं सपाट भिंत. दार नव्हतं. ती मला मागच्या बाजूला घेऊन गेली. दार मागं होतं, बाभळीकडं, पुढं तुराट्यांचा आडोसा. बाजेवरून दिसेल असं काही नव्हतं.

"हे कधी केलं?"

"लई वर्सं झाली. मामंजी हयात व्हते तवाच. एक दिस मालकानं फोडलं न् दार हिकडं घातलं. अर्ध्या दिसाचं काम." ती म्हणाली, "तवा रस्त्याकडं व्हतं. मामंजी समूर बसलेलं. हातात बादली घेऊन त्यांच्या देखत कसं जायचं, सांगा की?"

अर्ध्या दिवसाचं काम. मी विचारायला गेले, "मग तेव्हाच मला का नाही सांगि—" आणि मधेच थांबले. मी त्या दारात फॉर्म घेऊन उभी होते, ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि मी तिच्या सासऱ्याचा अंगठा घेऊन पुढच्या घरी गेले होते.

मी आत गेले, कडी लावली. स्वच्छ होतं, बादलीत पाणी, वर तांब्या. बाहेर येऊन बघते तर ती तुराट्यांच्या आडोशापाशी उभी होती. दार होतं, आतून कडी होती, वस्तीत चिटपाखरू नव्हतं. तरी ती माझ्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून उभी होती, आणि पदर तिनं दोन्ही हातांनी आडवा धरला होता.